इवाईच्या ताटातली तर्री

चैत्र संपत आला की यवतमाळच्या दुपारीत दोन वास मिसळतात. एक कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा, आणि दुसरा कुठल्या तरी मांडवामागे नुकत्याच पडलेल्या फोडणीचा. पडदे ओढून, माठातलं पाणी पिऊन मी आडवी झालेली असते, तेवढ्यात तो दुसरा वास खिडकीतून आत शिरतो. तिखट जरा करपलं की कॉलनीभर ठसका लागतो आणि शेजारच्या काकू आपल्या ओट्यावरूनच आचाऱ्याला दोन शब्द ऐकवतात. लग्नसराई सुरू झाली हे मला पंचांगाआधी नाकाला कळतं.

या वर्षी घाटंजीहून पत्रिका आली. देवरावजींच्या धाकट्या मुलीचं लग्न आहे. देवरावजी म्हणजे माझ्या भाचीचे, पल्लवीचे सासरे. माझ्या भास्करदादाचे व्याही. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. पत्रिका हातात घेतली आणि त्या वर्षीची लग्नसराई, पल्लवीच्या लग्नाची, पुन्हा येऊन समोर बसली. मी तिला बोलावलं नव्हतं.

आलू-वांग्याच्या भाजीशिवाय आमच्या भागात लग्न लागत नाही. लागत असेल तर ते बाहेरच्या लोकांचं असेल. भाजी शिजून गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, निवांत झाली की वर लाल तेलाचा थर येतो, ती तर्री. पंगतीत भाजी कशी वाढायची याचं एक न लिहिलेलं शास्त्र आहे. लेकराबाळांना पळी तळापर्यंत बुडवून, म्हणजे खालून. गावच्या माणसांना मधून. आणि इवायांना वरून, अलगद, नुसती तर्री ओघळेल अशी. इवाईच्या ताटात भाजीभोवती लाल कडं दिसलं नाही तर मुलीच्या बापाने हात आखडता घेतला असं समजतात. आणखी एक रीत आहे. शेवटच्या पंगतीत दोन्ही इवाई मांडीला मांडी लावून बसतात, आणि एकाच्या ताटात जे पडेल तेच दुसऱ्याच्या ताटात पडतं. तिथं कोणी हात आडवा करत नाही. नको म्हणणं म्हणजे नाव ठेवणं.

भास्करदादा आमच्या गावचा एक नंबरचा वाढपी होता. आर्णीला त्याचं मोटारी रिवाइंडिंगचं दुकान, दिवसभर तांब्याच्या तारेशी खेळ, त्यामुळे की काय, त्याच्या मनगटाला अंदाज फार बारीक होता. बादली डाव्या हातात, पळी उजव्या हातात, आणि चाल अशी की वाकतो कधी आणि पुढे सरकतो कधी ते कळू नये. भाजी ढवळणाऱ्या वाढप्यावर तो भयंकर चिडायचा. "भाजीले झोपू द्या लागते," म्हणायचा, "तिले उठोलं का तर्री गेली." मी लहान असताना त्याच्यामागे मिठाचं ताट घेऊन फिरायची. कोणाचं कोणाशी काय नातं आहे हे मी त्या पळीच्या खोलीवरून शिकले. मला तो कायम खालून वाढायचा. "तू घरची," म्हणायचा.

तो स्वतः मात्र वरून खाणारा. ठेच्यावर कच्चं तेल, झुणक्यावर कच्चं तेल, भाकरीच्या पापुद्र्यात बोटाने भोक पाडून त्यात तेल. माय कौतुकाने वाटी पुढे सरकवायची. धडधाकट माणूस, पंप एकट्याने उचलणारा, त्याला कोण काय म्हणणार.

पल्लवीच्या लग्नाआधीच्या दिवाळीनंतर असाच एक पंप उचलताना तो दुकानात खाली बसला. नागपूरला नेलं, छातीत स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरांनी त्याच्या देखतच वहिनीला सांगितलं की यापुढे तेलाचं नाव नको. वहिनी बिचारी घाबरून इतकी कडक झाली की घरातल्या पोळीवरचंसुद्धा तेल गेलं. दादा महिनाभर उकडलेल्या दोडक्याकडे पाहून सुस्कारे टाकत राहिला. नंतर मोबाइलमध्ये त्याला तो शेफ सापडला.

टीव्हीवरचा मोठा शेफ. पांढरा कोट, मऊ आवाज, हसला की गालाला खळी. त्याने त्या हिवाळ्यात तेल कमी खाण्याची मोहीमच काढली होती. रोज एक व्हिडिओ. घरोघरी जेवढं तेल टाकता त्यातून एक पळी कमी करा, बाकी मी काही मागत नाही, असं हात जोडून म्हणायचा. त्याचे वडील तेलकट खाण्यापायी लवकर गेले, हे सांगताना त्याचा आवाज बसायचा. दादाला ते पटलं. आजारी माणसाला, आपल्याला जे सोसावं लागतं ते सगळ्या जगाने सोसावं असं वाटतं, तसंही थोडं असेल. दुकानात येईल त्याला तो व्हिडिओ दाखवायचा.

आणि मग लोकांचं मत. आर्णीच्या चहाटपरीवर त्या दिवसांत निवडणुकीपेक्षा शेफची चर्चा जास्त होती. मी दादाला भेटायला गेले की ऐकत बसायची. एकजण म्हणाला, "त्याले काय जाते सांगाले? एसीत बसून मोड आलेली मटकी खाते तो. वखर मारून पाह्य म्हणा तेल न खाता." दुसऱ्याने मोबाइल पुढे केला, त्यात तोच शेफ तळणीच्या पाकिटाची जाहिरात करत होता. यावर सगळे खूश झाले. मोठ्या माणसाचा पाय घसरलेला दिसला की आपल्या भज्याला जास्त चव येते. दादाने मात्र मान हलवली. "पाकीट विकते म्हणून सांगतलेलं खोटं होते काय," एवढंच म्हणाला.

गावच्या आमच्या शेतावर कापूस वेचायला येणारी सुमनबाई तर हसलीच. "ताई, महिन्याच्या शेवटी आमच्या घरी रोजच कमी तेलाची भाजी होते. त्याले म्हणा, आमाले शिकवाले नको येऊ. आमी त्याच्या पुढं आहोत." मी तिच्यासोबत हसले. तेल कमी करायला आधी ते घरात असावं लागतं, हे त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं. पण म्हणून दादाच्या छातीतली स्प्रिंग खोटी ठरत नव्हती. दोन्ही खरंच होतं, आणि टपरीवर दोन्ही बाजूंना एका वेळी बसायची सोय नसते.

पौषात तो शेफ यवतमाळला आला. कॉलेजच्या मैदानावर मंडप, मोठा पडदा, ही गर्दी. मी आणि दादा मधल्या रांगेत बसलो होतो. त्याने आमचीच आलू-वांग्याची भाजी नावापुरत्या तेलात करून दाखवली. पुढच्या बायकांनी चाखून "छान, छान" म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर हीच गर्दी फाटकाबाहेर समोशाच्या गाडीवर तुटून पडली होती, तो भाग वेगळा.

प्रश्न विचारायला माईक फिरला तेव्हा दादा उभा राहिला. तो म्हणाला, "घरचं जमते जी. माही बायको करते. पण पोरीचं लग्न आहे. पंगतीत इवाईले कसं वाढाचं?"

मंडपात हशा पिकला. शेफला इवाई म्हणजे काय ते कोणीतरी सांगितलं. तो प्रेमाने म्हणाला, "मग पंगत कशाला? बुफे ठेवा ना. ज्याला जेवढं हवं तेवढं तो घेईल." टाळ्या पडल्या. दादा खाली बसला. नंतर शेफने त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढू दिला, आणि तो फोटो पुढे दुकानाच्या भिंतीवर लागला. पण परतीच्या बसमध्ये, मी त्याला पोचवायला सोबत होते, दादा खिडकीबाहेर बघत राहिला. आर्णी जवळ आलं तेव्हा म्हणाला, "माणूस चांगला आहे. पण त्याच्या घरी पंगत बसली नसन कधी."

मला त्या शेफचा राग नाही, तेव्हाही नव्हता. कोणी तरी हात जोडून बरं सांगत होतं, एवढं तरी खरं. फक्त स्वयंपाकघराच्या पुढे अंगण असतं आणि अंगणात लोक असतात, तिथपर्यंत त्याचा आवाज पोचत नव्हता.

लग्न वैशाखात ठरलं. दादाने घरात सगळ्यांना बसवून सांगितलं की भाजी कमी तेलाची होईल. माय ताडकन म्हणाली, "लोक काय म्हणतीन? एकुलती एक पोरगी, अन् कोरडी पंगत?"

"म्हणू दे," दादा म्हणाला. "माय, इवाईच्या बाजूले बसनं आहे मले. त्यायच्या ताटात पडन ते माह्या ताटात पडन. नाही म्हणता येत नाही. भाजीतच तेल कमी असलं त मले जेवता येते. मले जेवाचं आहे त्या दिवशी. अन् पल्लवीचं लेकरू मांडीवर घ्याचं आहे."

वहिनीने डोळ्यांना पदर लावला. मायने मान हलवली. बंडू आचारी दारातच उभा होता, तोही "हो जी" म्हणाला. मला वाटलं, झालं, दादा जिंकला.

लग्नाच्या दिवशी ऊन असं की मांडवावरच्या जांभळीच्या डहाळ्या दुपारपर्यंत सुकून कुरकुरीत झाल्या होत्या. मागच्या अंगणात वांगी मिठाच्या पाण्यात पडलेली, आलूंची सालं, भट्टीचा धूर, आणि बंडूच्या डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा. पन्ह्याच्या पातेल्याभोवती माशा. पल्लवी आत मेंदीचे हात उताणे धरून बसली होती आणि सारखी विचारत होती, "आत्या, बाबा बसले का? औषध घेतलं का त्यायनं?"

शेवटची पंगत बसली. दादा आणि देवरावजी मांडीला मांडी लावून. देवरावजी मोजकं बोलणारे, भरदार मिशांचे, जरा धाक वाटावा असे. वाढायला दादाचा लहानपणचा मित्र कैलास होता, दादाचाच चेला. मी बायकांच्या बाजूला पोळ्यांची परात घेऊन उभी होते, त्यामुळे मला नीट दिसलं. कैलासने बादली इवायांसमोर आणली, रिवाजाप्रमाणे पळी वरच्यावर फिरवली, आणि देवरावजींच्या ताटात लालभडक तर्री ओघळली. वरणाच्या वाटीला जाऊन टेकली. मग दादाच्या ताटात तेवढीच.

दादाने एकदा बादलीत पाहिलं. त्याला पाहूनच कळलं असणार, त्याच्यासारखं ते कोणाला कळणार? मग त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. माय दुसरीकडे बघत होती. वहिनीही. देवरावजी घास हातात घेऊन थांबले होते, दादाने घेतल्याशिवाय ते कसे घेणार. सगळी पंगत त्या दोघांकडे बघत होती. दादा हसला आणि त्याने पोळीचा तुकडा तर्रीत बुडवला. लगोलग देवरावजींनीही बुडवला. "भाजी फर्मास आहे," ते म्हणाले. दादा म्हणाला, "घ्या, आणखी घ्या," आणि कैलासने पुन्हा वरून वाढलं. दोघांनाही.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सगळे तेलाचे डबे रिकामे निघाले. उरायला हवे होते, कारण तेल कमीच लागणार होतं. बंडूला विचारलं तर तो खाली बघून म्हणाला, "ताई, माह्या हातची पंगत कोरडी गेली त मले पुढं कोण बलावते? म्हणून थोडं वरून कडवून टाकलं." यावर मायचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मी बी टाकलं होतं. तू पाणी प्याले गेल्तास तवा." आणि वहिनी, जिने सहा महिने नवऱ्याच्या पोळीला तेल लागू दिलं नाही ती वहिनी, मटकन खाली बसली. तिनेही टाकलं होतं. पल्लवीला सासरी कोणी टोमणा मारू नये म्हणून. तिघांनीही चोरून, तिघांनाही वाटलेलं की एकट्याने थोडं टाकलं तर काय होते. त्या गावात तेवढी तेलकट भाजी कधी झाली नव्हती.

दादा ओसरीवर खाटेवर पडून हे सगळं ऐकत होता. रागावला नाही. "झालं ते झालं," म्हणाला. "पोरगी सुखानं गेली ना?"

पुढल्या वर्षी, पोळ्याच्या आधी, तो दुकानातच गेला. हातात तार होती. डॉक्टर म्हणाले, एका जेवणाने काही होत नसतं, हे वर्षानुवर्षांचं साचलेलं असतं. खरंच असेल. मी मायला हे पुन्हा पुन्हा सांगितलं. ती ऐकून घ्यायची. पण तेव्हापासून तिने पळी हातात धरली नाही. तिला भूक लागली तरी दुसऱ्या कोणी वाढेपर्यंत ती बसून राहते. पल्लवीचा मुलगा दादा गेल्यानंतर जन्मला. त्याचं नाक थेट दादासारखं आहे, हे आम्ही सगळे बघतो.

तेरवीला पाऊस होता. अंगणात ताडपत्री बांधली होती आणि तिच्यात साचलेलं पाणी कोणीतरी काठीने ढकलत होतं. सकाळी बंडूने भट्टीजवळून हाक दिली, "तेल किती टाकू?" वहिनी आतून म्हणाली, "कमी." या वेळी कोणी चोरून काही टाकलं नाही. तरी बंडूच्या हाताची सवय, थोडी तर्री वर आलीच होती.

पंगत बसली. देवरावजी आले होते. त्यांच्या शेजारची जागा कोणी सांगितलं नव्हतं तरी मोकळीच राहिली. कैलास बादली घेऊन त्यांच्यापुढे वाकला, आणि सवयीने त्याची पळी वर फिरली. देवरावजींनी ताटावर हात आडवा धरला.

"वरून नको. खालून टाका."

कैलासला कळेना. तो तसाच वाकून उभा राहिला. देवरावजी ताटाकडे बघत म्हणाले, "मले त्या दिवशीही खालूनच पाह्यजे होतं. मले बी डॉक्टरची मनाई आहे, भास्कररावाईच्याही आधीपासून. मी बी त्याच शेफचं पाहून घरचं तेल बंद केलतं."

माय खांबाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मंग तवा बोलले काहून नाही, बाप्पा?"

"त्यायच्या अंगणात बसून कसं म्हणू? त्यायले वाटलं असतं, मी नाव ठेवून राह्यलो. त्यायनं घास घेतला, मंग मी बी घेतला."

आणि दादाने घेतला होता तो ते थांबलेले दिसले म्हणून. मी परात खाली ठेवली. दोन माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, दोघांनाही जगायचं होतं, दोघांना एकच गोष्ट म्हणायची होती, आणि मध्ये दोन ताटं होती. मला इतका राग आला की रडू आलं नाही. कोणावर राग, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी पंगतीत कोणीही तर्री मागितली नाही.

परवा रविवारी पत्रिका घेऊन मी गावी गेले. वाटेत पळसाचा बहर ओसरलेला, रस्त्याकडेला मोहाच्या फुलांचा आंबूस गोड वास. दादाच्या दुकानात आता कोणी मोबाइलचं दुकान टाकलं आहे. त्या शेफच्या फोटोच्या जागी भिंतीवर फिका चौकोन उरला आहे. टपरीवर हल्ली त्याचं नाव निघत नाही, त्याने आता दुसरी मोहीम धरली आहे म्हणतात, साखरेची.

मायला पत्रिका वाचून दाखवली. दादा गेल्यापासून ती एकाही लग्नाला गेलेली नाही, म्हणून मी घाईघाईने म्हणाले, "तू नको येऊ, उन्हाचं. मी अन् वहिनी जाऊन येतो." ती बराच वेळ पत्रिकेवरच्या गणपतीवरून बोट फिरवत राहिली.

"या वेळी पोरीचा बाप ते आहेत," ती म्हणाली. "नव्या इवाईच्या बाजूले बसतीन. आता त्यायलेही नाही म्हणता येणार नाही."

"हो."

"मंग मी येतो. त्या दोघायले मी वाढीन."

"माय, त्यायच्या घरचं लग्न आहे. आपण पाहुणे."

"असू दे. म्हातारीले कोण अडवते?" तिने पत्रिका नीट घडी करून उशीखाली ठेवली. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "बाजारातून एक पळी आणजो. लांब दांड्याची. गंजाच्या बुडापर्यंत पोचली पाह्यजे."